आजोबांची फिर्याद, आजीचे मौन : मराठी नाटकातील वृद्ध पिढी आणि रायगडचा किनारा

प्रास्ताविक

बदललेल्या जगाविषयी आणि बदललेल्या मूल्यांविषयी आजी-आजोबांच्या पिढीला काय वाटत असेल, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचक-प्रेक्षक बहुधा रंगभूमीकडे मागतो. 'नटसम्राट', 'संध्याछाया', 'वाडा चिरेबंदी' ही नावे अशा चर्चेत आपोआप येतात. आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांतही 'मराठी साहित्यातील वृद्धांचे चित्रण' हा विषय निघाला की निबंधांचा क्रम जवळपास ठरलेला असतो : एकत्र कुटुंब मोडले, मुले दुरावली, पैसा मोठा झाला, वृद्ध एकाकी पडले. या क्रमात खोटे काही नाही. परंतु ही फिर्याद नेमकी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जुन्या काळाची आठवण सर्वांना सारखीच हळवी करते, असे समीक्षेने गृहीत धरले आहे. त्या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी वरील नाट्यकृतींच्या शेजारी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीचा, म्हणजे उरण-पेण-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्याचा, गेल्या नव्वद वर्षांचा अनुभव ठेवून पाहिला आहे. साहित्यकृतीला समाजशास्त्राच्या तराजूत तोलण्याचा हा उद्योग नव्हे. या कृतींचे मोठेपण मान्य करूनच त्यांच्या वाचनाविषयी काही म्हणावयाचे आहे.

'नटसम्राट' : संहिता आणि तिचे ग्रहण

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' डिसेंबर 1970 मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. डॉ. श्रीराम लागू यांनी अप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका केली. 1974 मध्ये या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2016 च्या प्रारंभी त्यावरील चित्रपटही प्रदर्शित झाला. निवृत्त नट आपली मिळकत मुलाला व मुलीला वाटून देतो आणि मग पत्नीसह एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून रस्त्यावर येतो, हे कथानक सर्वश्रुत आहे. त्यामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आहे, हेही.

या नाटकाचे जे लोकप्रिय ग्रहण झाले, ते मात्र संहितेपासून बरेच दूर गेले आहे. 'मुलांच्या नावावर जिवंतपणी काही करू नका' असा व्यवहारी धडा घेऊन प्रेक्षक घरी जातो. जुनी मूल्ये थोर आणि नवी मूल्ये पोकळ, असे या नाटकाचे सार सांगितले जाते. संहिता काळजीपूर्वक वाचली तर चित्र जवळजवळ उलटे दिसते. अप्पासाहेब हे शिस्तीचे, सोवळ्याचे, मर्यादेचे प्रतिनिधी नाहीतच. ते रंगभूमीवरचा माणूस आहेत. त्यांची जीभ सैल आहे, भाषा मोकळी आहे, घरातले वागणे अघळपघळ आहे. आजोबांची ती मोकळी भाषा नातीच्या तोंडी येते आणि सुनेला ते रुचत नाही, तेथे संघर्षाची ठिणगी पडते. म्हणजे घरातील सभ्यतेची, नीटनेटकेपणाची, 'लोक काय म्हणतील' याची राखण तरुण पिढी करते आहे आणि ती राखण मोडणारा म्हातारा आहे. नात व आजोबा एका बाजूला आहेत, मधली पिढी दुसऱ्या बाजूला. पु. ल. देशपांड्यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' (1957) मध्येही हीच मांडणी थोड्या वेगळ्या रीतीने आढळते. तेथे तरुणांना समजून घेतात ते रसिक काकाजी, आणि त्यांच्यावर मूल्यांचे ओझे लादतात ते आचार्य. वृद्ध म्हणजे जुन्या मूल्यांचा पहारेकरी, हे समीकरण आपल्या दोन अतिलोकप्रिय नाटकांनीच मोडलेले आहे. समीक्षेने मात्र ते सोडलेले नाही.

अप्पासाहेबांची शोकांतिका मूल्यांच्या ऱ्हासाची नसून भूमिका संपलेल्या नटाची आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. त्यांना भाकरीपेक्षा रंगमंच हरवल्याचे दुःख मोठे आहे. ते दुःख निवृत्त शिक्षकाला, मंडळातून पायउतार झालेल्या कार्यकर्त्याला, कोणालाही आपले वाटू शकते; म्हणूनच नाटक टिकले. परंतु 'वाटणी' हा जो त्याचा बाह्य सांगाडा आहे, तो मात्र वाटण्याजोगे काही असणाऱ्या वर्गाचा आहे. तृतीय वर्ष कला वर्गात हे नाटक शिकविताना एका विद्यार्थिनीने सहज म्हटले होते, "मॅडम, आमच्या पणजोबांकडे वाटायला काही नव्हतंच. सातबारा नावावर आला तोच कूळ कायद्यात." वर्ग हसला. पण हे विधान हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्यात या नाटकाच्या वाचनाची एक निराळी जागा आहे.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. 2007 साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्यातील कलम 23 पाहिले की शिरवाडकरांचा पहिला अंक समोर ठेवूनच मसुदा लिहिला की काय, असे गमतीने वाटते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता देऊन टाकली आणि पुढे तो सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते, अशी ती तरतूद आहे. अप्पासाहेबांना आज प्रांत कार्यालयात अर्ज करता आला असता! हा कायदा ज्यांच्याजवळ काहीच मालमत्ता नाही त्यांनाही निर्वाहाचा हक्क देतो, ही त्याची खरी जमेची बाजू. पण चर्चा होते ती कलम 23 चीच. साहित्याच्या बाबतीत जे घडले, तेच कायद्याच्याही बाबतीत घडले.

वाड्यातील दादी

'संध्याछाया' (1973) मध्ये जयवंत दळवींनी नाना-नानींच्या रूपाने एकाकी वृद्ध जोडपे उभे केले. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. हे दोघे फिर्याद करीत नाहीत, वाट पाहतात, आणि त्यामुळे हे नाटक 'नटसम्राट'पेक्षा शांत असूनही अधिक जीवघेणे ठरते. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारे घर 1970 च्या दशकातील शहरी मध्यमवर्गाला नवे होते. किनाऱ्याला ते नवे नव्हते. गिरणीत, गोदीत, बोटीवर गेलेल्या मुलाच्या मनिऑर्डरीवर येथील घरे कितीतरी आधीपासून चालत होती. श्रीवर्धन-म्हसळा-मुरूड भागातील अनेक कोकणी मुस्लिम घरांत पुढे आखातातील पैसा आला आणि आजी-आजोबा व नातवंडे एवढेच घरात उरले. अलिबाग, रेवदंडा, नवगाव येथील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण तर याहून टोकाचे. 1948 नंतरच्या दोन-तीन दशकांत गावेच्या गावे या समाजापासून रिकामी झाली. अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ आणि रेवदंड्याचे बेथ एल ही सिनेगॉग मागे राहिली. मुलगा परदेशी जाणे आणि संपूर्ण समाजच उठून जाणे, यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला 'मूल्ये बदलली' असे म्हणताही येत नाही, कारण ज्यांनी ती बदलली असे म्हणावे, तेच समोर नाहीत. मराठी रंगभूमीने या घरांत डोकावून पाहिल्याचे फारसे दिसत नाही.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (1985) मध्ये विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांचा वाडा आहे. तात्याजींच्या मृत्यूनंतर मुले जमतात, खर्चाचा व दागिन्यांचा विषय निघतो, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. या सर्व गलबल्यात तात्याजींची वृद्ध आई, दादी, एका कोपऱ्यात आहे. तिला कमी ऐकू येते, कमी दिसते. ती वेळ विचारीत राहते. घरातील सर्वांत जुनी व्यक्ती तीच, वाड्याचे वैभव प्रत्यक्ष पाहिलेली तीच, परंतु बदललेल्या जगाविषयी तिचे काय म्हणणे आहे हे नाटक तिला विचारीत नाही. एलकुंचवारांनी हे जाणूनबुजून केले आहे. दादीचे वेळ विचारणे ही या नाटकातील अत्यंत बोलकी योजना आहे. तरीही एक प्रश्न उरतो. आजोबांच्या पिढीला मराठी नाटकाने स्वगते दिली, आजीला घड्याळ दिले. असे का?

कादंबरीकडे वळल्यास कोकणच्या संदर्भात श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (1987) ही द्विखंडात्मक कादंबरी टाळता येत नाही. तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यातले, जगबुडीच्या काठचे. परंतु खोती ही संस्था कुलाबा जिल्ह्यालाही तितकीच परिचित. चार पिढ्यांचा हा पट मांडताना पेंडशांनी खोतांचा क्रूरपणा, विलास, वेड काहीही लपविलेले नाही. ती कादंबरी हळवी नाही. पण पिढ्यांची गणती खोतांच्या घरातून होते. त्याच काळात कुळाच्या घरातही चार पिढ्या झाल्या असणार; त्या पिढ्यांतील आजोबाने नातवाला काय सांगितले असेल, हे आपल्याला कादंबरीबाहेर शोधावे लागते.

कुळाच्या घरातील आठवण

अलिबाग तालुक्यातील चरी येथे ऑक्टोबर 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि तो नकार 1939 पर्यंत टिकविला. शेते ओस पडली, माणसांनी जंगलातील लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती नष्ट करणारा कायदा 1949 चा. आणि कूळ कायद्याखालील कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा मालक मानला गेला, तो 1 एप्रिल 1957.

ज्या घराची आठवण या तारखांवर उभी आहे, त्या घरातील वृद्धाला 'आमच्या वेळी चांगले होते' असे म्हणणे शक्य नाही. त्याच्या वेळी वेठ होती, मक्त्याचे भात खोताच्या अंगणात पोचते करावे लागत होते, खोताच्या ओटीवर चढता येत नव्हते. 'ज्येष्ठांचा मान' नावाचे जे मूल्य हरवल्याची खंत नाटकात व्यक्त होते, ते मूल्य त्या काळी कुळाच्या म्हाताऱ्याला गावात लाभलेलेच नव्हते. खोताच्या तरुण मुलाने कुळाच्या म्हाताऱ्याला एकेरी हाक मारावी, हा रिवाज होता. त्यामुळे या म्हाताऱ्याच्या दृष्टीने बदललेले जग म्हणजे सर्वप्रथम सुटका. नातू खुर्चीवर बसतो, नात महाविद्यालयात जाते, याचा त्याला विषाद नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. 'आजी-आजोबांची पिढी' ही एकच एक, गोठलेली पिढी नव्हे. आज सत्तरीत असलेले आजोबा चरीच्या संपात नव्हते. संप संपला त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्यांचा जन्म. ते तिशीच्या आसपास असताना, 16 व 17 जानेवारी 1984 रोजी, उरण तालुक्यात जासई व नवघर परिसरात नवी मुंबईसाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. म्हणजे आजचे आजोबा परंपरेचे रखवालदार म्हणून वाढलेले नाहीत. त्यांच्या तारुण्यात त्यांनी सरकारशी झुंज घेतली आहे. पुढे 2008 मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर पेण तालुक्यातील बावीस गावांत जनमत घेण्यात आले, तेव्हा हीच पिढी प्रौढ होती.

आणि आता हीच पिढी घरात बसून पाहते आहे की, ज्या जमिनीसाठी आजोबांच्या बापाने सहा वर्षे उपास काढले आणि ज्या जमिनीसाठी स्वतः आजोबांनी लाठ्या खाल्ल्या, ती जमीन नातू स्वखुशीने विकतो आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा 2020 मध्ये सुरू झाली, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. मुंबई जवळ आली आणि सातबाऱ्यावरील नावे बदलू लागली. हा खरा मूल्यसंघर्ष आहे आणि तो 'नटसम्राट'च्या नेमका उलट आहे. तेथे वृद्धाने दिले आणि तरुणाने लाथाडले. येथे वृद्ध देऊ इच्छित नाही आणि तरुणाला ठेवून घ्यावयाचे नाही. यात नातवाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. भाताच्या दोन एकरांवर संसार चालत नाही, हे आजोबांनाही ठाऊक आहे. दोघांचेही म्हणणे खरे असणे, ही नाटकाची उत्तम सामग्री असते. त्या नाटकाची आपण अद्याप वाट पाहतो आहोत.

बांध, बंदी आणि वाडी

किनाऱ्यावरील वृद्धांची म्हणून जी फिर्याद ऐकू येते, तिचे स्वरूप लक्षपूर्वक पाहिले तर ती 'संस्कारां'विषयी कमी आणि सामाईक गोष्टींविषयी अधिक असते. खारभूमीचेच पाहा. भरतीचे पाणी अडविणारे बाहेरचे बांध आणि पावसाचे पाणी सोडणाऱ्या उघाड्या यांच्यावर पेण-अलिबाग भागातील भातशेतीचे सारे जीवन अवलंबून. उधाणाला बांधाला खांड पडली की ज्याचे शेत तेथे आहे तोच नव्हे, तर सारा गाव चिखल टाकायला धावत असे. पुढे बांधांची जबाबदारी सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेली. ते अनेक दृष्टींनी आवश्यक होते. परंतु 'बांध आपला' ही जाणीव जाऊन 'बांध खात्याचा' ही जाणीव आली, आणि आज खारे पाणी शिरून नापीक झालेल्या शेतांकडे पाहताना म्हातारी माणसे जे हळहळतात ते या बदलासाठी. हे मूल्य सक्तीचेही होते, हे विसरू नये. ज्या जमिनीसाठी चिखल टाकावयाचा, ती बहुधा खोताची असे.

कोळीवाड्यांतील उदाहरण अधिक स्वच्छ आहे. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच मासेमारीला निघायचे, हा जुना दंडक. आज शासकीय बंदी 1 जून ते 31 जुलै अशी तारखांनी बांधलेली आहे आणि नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. बंदी उठते आणि बोटी निघतात. नारळ नंतर, मिरवणुकीत. प्रखर विद्युतझोत टाकून मासे गोळा करणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तिच्याविषयीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जुन्या कोळ्याच्या बोलण्यात येथे जो शब्द येतो तो 'पाप'. आपण त्याला धार्मिक शब्द समजून बाजूला ठेवतो. परंतु विणीच्या काळात समुद्राला हात न लावण्याचा संयम त्या एका शब्दात होता आणि मत्स्यविज्ञान वेगळ्या परिभाषेत तेच सांगते.

श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांविषयी थोडक्यात. सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात, नारळालाही साधारण तितकीच. एका पिढीने लावावे आणि पुढच्या दोन पिढ्यांनी खावे, असे हे पीक. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. नुकसानभरपाई हेक्टरी द्यावी की झाडागणिक, यावर तेव्हा वाद झाला. हा वाद केवळ रकमेचा नव्हता. हेक्टर हे क्षेत्रफळ आहे. झाड हा कोणाच्या तरी आजोबांनी घातलेला काळ आहे. सत्तरीच्या माणसाने पुन्हा रोप लावावे ते कोणासाठी, हा प्रश्न त्या वर्षी अनेक घरांत प्रत्यक्ष उभा होता. अप्पासाहेबांच्या कोणत्याही स्वगतापेक्षा तो हलका नाही.

धवलारीण

शेवटी आजीच्या मौनाकडे. वर म्हटल्याप्रमाणे नाटकाने दादीला कोपऱ्यात बसविले. याचा अर्थ किनाऱ्यावरील आजी मुकी होती असा नाही. रायगड-ठाणे पट्ट्यातील आगरी समाजात लग्न लावण्याचे काम परंपरेने धवलारणीकडे असे. ही बहुधा वयस्क स्त्री. हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीच्या प्रत्येक टप्प्याला ती धवले म्हणे आणि ते म्हटल्याखेरीज विधी पुढे सरकत नसे. शेकडो ओळी तिला मुखोद्गत असत. लिहिता-वाचता येणे आवश्यक नव्हते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी धवल्यांचे संकलन केले आहे, परंतु ते 'गीते' म्हणून. धवलारणीचा अधिकार हा त्या संकलनांचा विषय फारसा होत नाही.

आणि तिचा अधिकार कसा गेला? तो नातीने आधुनिक होऊन घालविला नाही. समाजाला चार पैसे दिसू लागले, प्रतिष्ठेची आस लागली, तेव्हा मांडवात भटजी आले आणि धवलारीण शोभेपुरती उरली. नंतर हळदीला ध्वनिवर्धक आले आणि तिचा आवाज तसाही ऐकू येईनासा झाला. म्हणजे निरक्षर म्हातारीचा पौरोहित्याचा हक्क काढून घेणारी गोष्ट 'नवी मूल्ये' नव्हती. ती कितीतरी जुन्या मूल्यांची उसनवारी होती. या स्त्रीला 'तुमच्या वेळचे आणि आताचे' याविषयी विचारले तर ती जे सांगेल, ते आपल्या 'जुने विरुद्ध नवे' या चौकटीत बसणार नाही. एकीकडे तिला नातीचे शिक्षण हवे असेल, दुसरीकडे भटजींनी तिचा पाट घेतल्याचा राग असेल, आणि हे दोन्ही एकाच दमात सांगताना तिला विसंगती वाटणार नाही.

आपल्या जिल्ह्यातील मराठी विभागांपुरती एक सूचना येथे नोंदवाविशी वाटते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांत धवले उतरवून घेण्याचे काम अधूनमधून होते. ते करताना विद्यार्थ्याने गाणारीचे वय, गाव, तिने हे धवले कोणाकडून घेतले आणि शेवटचे लग्न कोणत्या साली लावले, एवढे विचारावे. आणि हल्लीच्या लग्नांविषयी ती जे बोलेल ते तिच्याच बोलीत, न सुधारता, त्याच वहीत धवल्यांच्या खाली लिहून घ्यावे.